डिप्लीटेड युरेनियम : किती, कोणत्या रूपात आणि कोणाच्या शरीरात?

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनने युक्रेनला चॅलेंजर-२ रणगाडे देताना त्यांच्यासोबत डिप्लीटेड युरेनियमचे गोळेही देणार असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरात अमेरिकेनेही तशाच गोळ्यांची मदत जाहीर केली आणि आखाती युद्धापासून धुमसत असलेला वाद पुन्हा पेटला. रशियाने याला अण्वस्त्रांच्या दिशेने टाकलेले पाऊल ठरवले, तर पाश्चात्त्य संरक्षण खात्यांनी हा निव्वळ एक जड धातू असून त्यात काळजीचे कारण नाही असे सांगितले. या दोन्ही विधानांनी वाचकाची दिशाभूल होते. या धातूपासून धोका आहे की नाही, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण उत्तर चार गोष्टींवर अवलंबून आहे : तो किती प्रमाणात, कोणत्या रूपात, कोणत्या मार्गाने आणि किती काळ शरीरात राहिला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर पुष्कळ संशोधन झाले आहे. ते नीट वाचले तर काही प्रश्नांची उत्तरे बऱ्यापैकी खात्रीने देता येतात. मात्र ज्यांना या उत्तरांची सर्वाधिक गरज होती, त्यांच्याच शरीरात काय गेले हे सर्वांत कमी मोजले गेले, हेही त्याच वाचनातून दिसते.

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये वेगवेगळ्या वजनांचे अणू, म्हणजे समस्थानिके, मिसळलेले असतात : ९९.२७ टक्के युरेनियम-२३८ असते, ०.७२ टक्के युरेनियम-२३५ असते आणि युरेनियम-२३४ अगदी नाममात्र असते. अणुभट्टीच्या इंधनाला युरेनियम-२३५ अधिक प्रमाणात लागते, म्हणून समृद्धीकरणाच्या कारखान्यात ते वेगळे काढून एका भागात वाढवले जाते आणि दुसऱ्या भागात साहजिकच कमी होते. हा दुसरा भाग म्हणजे डिप्लीटेड युरेनियम. त्यात युरेनियम-२३५ साधारण ०.२ ते ०.३ टक्के एवढेच उरते. समृद्धीकरणात युरेनियम-२३४ हेही समृद्ध भागाकडे निघून जात असल्यामुळे उरलेल्या धातूचा किरणोत्सार नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे ६० टक्के असतो. चार टक्के समृद्ध असे एक किलो इंधन तयार करताना सुमारे सात किलो डिप्लीटेड युरेनियम मागे राहते, त्यामुळे अण्वस्त्रधारी देशांकडे त्याचे प्रचंड साठे पडून आहेत. ते जवळजवळ फुकट उपलब्ध असणे हेही त्याच्या लष्करी वापराचे एक कारण आहे.

दुसरे कारण त्याच्या गुणधर्मांत आहे. त्याची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट, म्हणजे दर घनसेंटिमीटरला १९ ग्रॅम आहे. थोडे टायटॅनियम मिसळून त्याची लांब, निमुळती सळई केली आणि ती प्रचंड वेगाने चिलखतावर आदळवली, तर टंगस्टनची सळई पुढून चेपून बोथट होते तशी ही होत नाही. तिच्या कडांचे थर गळून पडत जातात आणि पेन्सिलीला टोक काढत राहावे तशी ती आत शिरताना अणकुचीदार राहते. शिवाय युरेनियमची बारीक भुकटी हवेत आपोआप पेट घेते, त्यामुळे चिलखत भेदून आत गेलेला धातू रणगाड्याच्या आत आग लावतो. या गोळ्यात स्फोटक असण्याची गरज नसते आणि अणुविखंडनाचा तर त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. अमेरिकेच्या ए-१० हल्लाविमानाच्या ३० मिलिमीटर तोफेच्या एका गोळीत सुमारे ३०० ग्रॅम, तर अब्राम्स रणगाड्याच्या १२० मिलिमीटर गोळ्यात चार ते पाच किलो डिप्लीटेड युरेनियम असते. १९९१ च्या आखाती युद्धात सुमारे ३०० टन, बोस्नियात १९९४-९५ मध्ये सुमारे तीन टन आणि कोसोव्होत १९९९ मध्ये सुमारे दहा टन डिप्लीटेड युरेनियम वापरले गेले. २००३ च्या इराक युद्धात आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये सीरियातही ते वापरले गेले. सीरियात ५,२६५ गोळ्या झाडल्याची कबुली अमेरिकेने २०१७ मध्ये दिली.

आरोग्याच्या दृष्टीने खरा फरक पडतो तो गोळी कशावर आदळते यामुळे. कठीण चिलखतावर आदळली तर तिच्यातील सुमारे १० ते ३५ टक्के धातू, आणि क्वचित त्याहूनही अधिक, जळून सूक्ष्म धूळ बनतो. या धुळीत मुख्यतः पाण्यात सहजासहजी न विरघळणारी युरेनियमची ऑक्साइड असतात आणि तिचे पुष्कळ कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतील इतके बारीक असतात. मात्र विमानातून झाडलेल्या बहुसंख्य गोळ्या लक्ष्यावर न लागता मातीत घुसतात आणि जशाच्या तशा पडून राहतात. तेथे धोका धुळीचा नसतो. हळूहळू गंजून मातीत आणि पाण्यात उतरणारा धातू ही तेथील चिंता असते. एकाच शस्त्राचे असे दोन अगदी वेगळे धोके होतात आणि सार्वजनिक चर्चेत त्यांची सतत सरमिसळ होते.

किरणोत्साराची भीती आणि त्याचे मोजमाप

युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे ४.५ अब्ज वर्षे आहे. हा आकडा भाषणांत आणि लेखांत भय दाखवण्यासाठी वापरला जातो, पण त्याचा अर्थ नेमका उलट आहे. अर्धायुष्य जितके लांब तितके दर सेकंदाला फुटणारे अणू कमी. एक मिलिग्रॅम डिप्लीटेड युरेनियममधून दर सेकंदाला साधारण १५ अल्फा कण बाहेर पडतात, तर एक मिलिग्रॅम रेडियममधून तीन कोटी सत्तर लाख. अल्फा कणांना कातडीचा वरचा मृत थरही ओलांडता येत नाही. म्हणून अशी सळई जवळ असल्याने बाहेरून होणारा अल्फा किरणोत्सार जवळपास निरुपद्रवी असतो.

तरीही बाहेरचा धोका शून्य नाही. युरेनियम-२३८ पासून तयार होणारी थोरियम-२३४ आणि प्रोटॅक्टिनियम-२३४ ही अल्पायुषी मूलद्रव्ये बीटा किरण सोडतात आणि ते कातडीत काही मिलिमीटर शिरतात. सळई थेट कातडीला लागून असेल तर त्या जागेला ताशी सुमारे दोन मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळते. सर्वसामान्य नागरिकाच्या कातडीसाठी वर्षाची मान्य मर्यादा ५० मिलिसिव्हर्ट आहे. याचा अर्थ असा की युद्धभूमीवर सापडलेली चकचकीत जड सळई एखाद्या मुलाने खिशात ठेवली, तर दोन-तीन दिवसांच्या खेळातच त्या जागेची वर्षभराची मर्यादा ओलांडली जाईल. इतक्या मात्रेने कातडी भाजणार नाही, परंतु अशा वस्तू गोळा करून नेल्या पाहिजेत आणि शाळांतून मुलांना त्याबद्दल सांगितले पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

शरीरात गेल्यावर चित्र पालटते, कारण तेव्हा अल्फा कणांच्या आणि जिवंत पेशींच्या मध्ये काहीच उरत नाही. ऊतींमध्ये अल्फा कण एक दशांश मिलिमीटरहूनही कमी अंतर जातो, पण तेवढ्या वाटेतील पेशींच्या डीएनएला तो मोठी इजा करतो. शरीरात साठलेली अल्फा-उत्सर्जक किरणोत्सारी द्रव्ये माणसात कर्करोग घडवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट नोंदले आहे. त्यामुळे ‘डिप्लीटेड युरेनियममुळे कर्करोग होऊच शकत नाही’ हे विधान शास्त्राला धरून नाही. प्रश्न मात्रेचा आहे.

या ठिकाणी युरेनियमच्या खाणकामगारांचा दाखला हमखास दिला जातो. या कामगारांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण खरोखरच मोठे होते, पण त्याचे कारण मुख्यतः खाणीतील रेडॉन वायू होते. खनिजात युरेनियमबरोबर त्याची सगळी वंशावळ, म्हणजे रेडियम आणि रेडॉनसुद्धा, कोट्यवधी वर्षांत साठलेली असते. धातू शुद्ध करताना ही साखळी तुटते आणि पुन्हा रेडियम तयार होण्यासाठी मध्ये सुमारे अडीच लाख वर्षे अर्धायुष्य असलेले युरेनियम-२३४ आडवे येते. म्हणून शुद्ध केलेल्या युरेनियममध्ये मानवी इतिहासाच्या मापाने रेडॉन नसल्यातच जमा असतो. खाणीतला धोका जसाच्या तसा तोफगोळ्याला लावणे म्हणूनच चूक आहे.

मूत्रपिंड पहिले आणि फुप्फुस दुसरे

किरणोत्साराच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. युरेनियम हा शिसे आणि कॅडमियमसारखा रासायनिकदृष्ट्या विषारी जड धातू आहे, आणि विरघळणाऱ्या रूपात तो शरीरात गेला तर किरणोत्साराच्या आधी त्याचे रासायनिक विषच जाणवते. आपल्या सगळ्यांच्या शरीरात अन्नपाण्यातून आलेले थोडे नैसर्गिक युरेनियम असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसात ते सरासरी ९० मायक्रोग्रॅम असते आणि त्यातला दोन तृतीयांश भाग हाडांमध्ये असतो. पोटात गेलेल्या युरेनियमपैकी साधारण दोन टक्क्यांहून कमीच रक्तात उतरते, बाकीचे शौचावाटे निघून जाते. रक्तात उतरलेल्यापैकी बराच मोठा भाग पहिल्या चोवीस तासांत मूत्रावाटे बाहेर पडतो.

नेमकी अडचण इथेच होते. रक्तात युरेनियम बायकार्बोनेटशी जोडलेले असते आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होते. पुढे नलिकेतील द्राव आम्लधर्मी होत जातो तशी ही जोडी फुटते आणि मोकळे झालेले युरेनियम नलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशींना चिकटते. या पेशींचे काम गाळलेल्या द्रवातून साखर आणि छोटी प्रथिने परत शोषून घेण्याचे असते. त्या दुखावल्या की ही द्रव्ये मूत्रात दिसू लागतात, आणि रक्ततपासणीत मूत्रपिंड बिघडल्याचे दिसण्याच्या कितीतरी आधी ही खूण मिळते. नैसर्गिक आणि डिप्लीटेड युरेनियम रासायनिकदृष्ट्या सारखेच असल्यामुळे इथे युद्धाबाहेरच्या अभ्यासांचाही उपयोग होतो. फिनलंडच्या दक्षिण भागात खडकात खणलेल्या विंधन विहिरींच्या पाण्यात लिटरमागे हजार मायक्रोग्रॅमच्याही वर युरेनियम आढळले आहे आणि लोकांनी ते वर्षानुवर्षे प्यायले आहे. पैवी कुर्तिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३२५ लोकांची तपासणी करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॅल्शियमच्या उत्सर्जनात थोडा बदल दिसला, मात्र मूत्रपिंड निकामी होण्याची चिन्हे दिसली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली, तिच्यामागे अशा अभ्यासांचा आधार आहे.

न विरघळणाऱ्या धुळीचा मार्ग वेगळा आहे. ती पोटात गेली तर फारसे बिघडत नाही, पण श्वासातून फुप्फुसात खोल गेलेले कण तेथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, राहतात आणि काही जवळच्या लसिका ग्रंथींत जाऊन बसतात. म्हणून सर्वाधिक धोका असतो तो गोळा लागला त्या क्षणी रणगाड्यात असलेल्यांना, त्यांना वाचवायला लगेच आत शिरलेल्यांना आणि नंतर कोणतेही संरक्षण न घेता आतून ती वाहने साफ करणाऱ्यांना. लंडनच्या रॉयल सोसायटीने ब्रायन स्प्रॅट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाचे अहवाल मे २००१ आणि मार्च २००२ मध्ये आले. या विषयावरचे ते आजही सर्वांत समतोल वाचन आहे असे मला वाटते, कारण त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. बहुतेक सैनिकांना होणारा जादा धोका इतका कमी असेल की तो आकडेवारीत वेगळा दिसणार नाही, असे त्यांनी म्हटले. मात्र अगदी टोकाच्या परिस्थितीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दुप्पट होऊ शकेल आणि मूत्रपिंडालाही इजा पोहोचू शकेल, हेही त्याच अहवालांत आहे. या अहवालांतले अर्धेच वाक्य उद्धृत करण्याची सवय दोन्ही पक्षांना आहे.

बाल्टिमोरचे सैनिक

१९९१ च्या युद्धात काही अमेरिकी रणगाडे आणि चिलखती वाहने स्वतःच्याच सैन्याच्या गोळ्यांनी फोडली गेली. त्यांतून वाचलेल्या कित्येकांच्या अंगात धातूचे बारीक तुकडे अजूनही आहेत, कारण ते स्नायूंत इतके विखुरलेले आहेत की काढण्याच्या शस्त्रक्रियेने अधिक नुकसान झाले असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या वैद्यकीय केंद्रात मेलिसा मॅकडायर्मिड यांच्या गटाने यांच्यापैकी ऐंशीच्या आसपास लोकांची दर दोन वर्षांनी तपासणी चालवली आहे. जगात डिप्लीटेड युरेनियम सर्वाधिक काळ अंगात बाळगणाऱ्या माणसांची इतकी सलग नोंद दुसरीकडे कोठेही नाही.

या नोंदीतून काय दिसले? तुकडे अंगात असलेल्यांच्या मूत्रातील युरेनियम दशके उलटूनही सामान्य माणसाच्या शेकडो पट आहे, म्हणजे तुकडे हळूहळू विरघळत राहिले आहेत. मूत्रपिंडाच्या नलिकांवरील ताणाच्या आणि हाडांच्या चयापचयातील बदलाच्या सूक्ष्म खुणा अधूनमधून दिसतात, पण उपचाराची गरज पडेल असा मूत्रपिंडाचा विकार युरेनियममुळे जडल्याचे दिसलेले नाही. सुरुवातीच्या प्रसिद्ध अहवालांत त्यांच्या मुलांमध्ये जन्मदोष नोंदले गेले नाहीत. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे आणि मूत्रपिंडाच्या बाबतीत तो भक्कमही आहे. सर्वाधिक मात्रा घेतलेल्यांचे मूत्रपिंड तीस वर्षांनी चालू असेल, तर त्याहून कितीतरी कमी मात्रा मिळालेल्यांबद्दल निष्कर्ष काढणे योग्यच आहे.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र हाच अभ्यास पुढे करणे चुकीचे आहे. समजा, एखाद्या कर्करोगाचे प्रमाण एरवी हजारात एक आहे आणि युरेनियममुळे ते दुप्पट, म्हणजे हजारात दोन झाले. ऐंशी माणसांत एरवी ०.०८ रुग्ण अपेक्षित होते, ते आता ०.१६ झाले. प्रत्यक्षात दोन्ही परिस्थितींत बहुधा एकही रुग्ण दिसणार नाही. ‘ऐंशी जणांत कर्करोग वाढलेला दिसला नाही’ आणि ‘कर्करोग वाढत नाही’ या दोन विधानांत म्हणूनच मोठे अंतर आहे. हे अंतर पुसून टाकणारी पत्रके अनेक सरकारांनी काढली, ही गोष्ट मला संशोधनाच्या कोणत्याही उणिवेपेक्षा अधिक खटकते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांनी ही शंका जिवंत ठेवली आहे. २००२ मध्ये फ्लेचर हान आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्नायूंत डिप्लीटेड युरेनियमचे तुकडे बसवले, तेव्हा मोठ्या तुकड्यांभोवती मऊ ऊतींचे कर्करोग लक्षणीय प्रमाणात झाले. अमेरिकी सैन्याच्या किरणोत्सार-जीवशास्त्र संस्थेत अलेक्झांड्रा मिलर यांच्या प्रयोगांत मानवी अस्थिपेशींत कर्करोगाकडे नेणारे बदल दिसले. उंदरांच्या शरीरात बाहेरच्या वस्तूभोवती गाठी होण्याची प्रवृत्ती माणसापेक्षा अधिक असते हे खरे, परंतु त्यामुळे हे निष्कर्ष खोडून काढता येत नाहीत. त्याच संस्थेत २००५ मध्ये जॉन कॅलिनिच यांनी युरेनियमला पर्याय म्हणून पुढे आणलेला टंगस्टन, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू उंदरांत बसवला, तेव्हा सगळ्याच उंदरांना वेगाने पसरणारा कर्करोग झाला. युरेनियमऐवजी टंगस्टन वापरले की प्रश्न मिटला, असे समजणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

आखाती युद्धातून परतलेल्या लाखभराहून अधिक सैनिकांना जडलेल्या थकवा, स्मृतिदोष आणि अंगदुखीच्या विकाराचे खापरही बराच काळ डिप्लीटेड युरेनियमवर फोडले गेले. हा प्रश्न आता बऱ्यापैकी निकाली निघाला आहे. रँडल पॅरिश आणि रॉबर्ट हेली यांनी २०२१ मध्ये १५४ माजी सैनिकांच्या मूत्रातील युरेनियमच्या समस्थानिकांचे अतिशय संवेदनशील मोजमाप प्रसिद्ध केले आणि आजारी व निरोगी यांच्यात कोणताही फरक आढळला नाही. ब्रिटनमध्येही २००१ नंतर नेमलेल्या देखरेख मंडळाने चारशेहून अधिक माजी सैनिक तपासले, त्यांच्या मूत्रात डिप्लीटेड युरेनियम सापडले नाही. या सैनिकांचा आजार खराच आहे, त्याचे कारण मात्र दुसरीकडे शोधावे लागेल.

ही तपासणी कशी होते हे समजून घेण्याजोगे आहे. नुसते ‘मूत्रात युरेनियम सापडले’ याला काहीच अर्थ नाही, ते सर्वांच्याच मूत्रात असते. पाहायचे असते ते युरेनियम-२३८ आणि युरेनियम-२३५ यांचे गुणोत्तर. नैसर्गिक युरेनियममध्ये ते सुमारे १३८ असते, तर डिप्लीटेड युरेनियममध्ये ५०० च्या घरात जाते. मास स्पेक्ट्रोमीटर या अणूंचे वजनानुसार मोजमाप करणाऱ्या यंत्रावर हे गुणोत्तर इतक्या बारकाईने मोजता येते की वीस वर्षांपूर्वी श्वासातून गेलेली धूळही ओळखू येते. न्यूयॉर्क राज्यातील कॉलनी या गावात हे सिद्ध झाले. तेथील कारखान्यात १९५८ ते १९८४ या काळात डिप्लीटेड युरेनियमच्या वस्तू बनत असत आणि तासकामाचे चुरे जाळले की त्याची धूळ धुराड्यातून आसपासच्या घरांवर पडत असे. कारखाना बंद पडल्यावर दोन दशकांनी पॅरिश यांच्या गटाने तपासलेल्या सगळ्या माजी कामगारांच्या आणि सुमारे एक पंचमांश रहिवाशांच्या मूत्रात डिप्लीटेड युरेनियमची सही सापडली. युद्ध न पाहिलेल्या गावात हे मोजता आले, तर इराकमधील बसऱ्यात का मोजले गेले नाही, हा प्रश्न साहजिकच मनात येतो.

बाल्कन आणि इराक

२००० च्या अखेरीस बाल्कनमधून परतलेल्या काही इटालियन सैनिकांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याच्या बातम्या आल्या आणि युरोपभर खळबळ उडाली. किरणोत्साराने होणारा ल्युकेमिया उद्भवायला किमान दोनेक वर्षे लागतात आणि युरेनियम अस्थिमज्जेत फारसे साठत नाही, त्यामुळे ही सांगड सुरुवातीपासूनच कमकुवत होती. इटलीने चौकशीसाठी नेमलेल्या फ्रांको मांदेल्ली यांच्या आयोगाला एकूण कर्करोग अपेक्षेपेक्षा कमी, पण हॉजकिन लिंफोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. या लिंफोमाचा किरणोत्साराशी असलेला संबंध क्षीण मानला जातो. डेन्मार्क आणि स्वीडनच्या बाल्कन-सैनिकांत तसे काही आढळले नाही. इटलीतल्या न्यायालयांनी मात्र अनेक सैनिकांना भरपाई दिली आहे. न्यायालयाला सैनिकाची काळजी नीट घेतली गेली की नाही हे पाहायचे असते आणि शास्त्राला कार्यकारणभाव सिद्ध करायचा असतो. त्या निकालांना शास्त्रीय पुरावा म्हणून वापरता येत नाही, तसेच शास्त्रीय पुरावा अपुरा आहे म्हणून ते निकाल अन्यायाचेही ठरत नाहीत.

बाल्कनमध्ये एक गोष्ट मात्र बरी घडली. नाटोने कोसोव्होतील हल्ल्यांच्या जागांचे नकाशे संयुक्त राष्ट्रांना दिले. त्यामुळे पर्यावरण कार्यक्रमाचे पथक नोव्हेंबर २००० मध्ये तेथे प्रत्यक्ष जाऊन माती, पाणी, गवत आणि दूध यांचे नमुने घेऊ शकले. दूषितता गोळी पडलेल्या जागेपासून काही मीटरच्या आतच बहुतेक संपलेली आढळली. बोस्नियात हे पथक २००२ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी पोहोचले. जमिनीत गाडलेल्या सळयांचे सुमारे एक चतुर्थांश वजन तोपर्यंत गंजून मातीत उतरले होते, आणि एका ठिकाणी पिण्याच्या पाण्यात डिप्लीटेड युरेनियम आढळले. प्रमाण आरोग्याला घातक ठरेल इतके नव्हते, पण पाण्याची तपासणी पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवावी अशी शिफारस पथकाने केली. काही सळयांत युरेनियम-२३६ आणि प्लुटोनियमचे अंशही सापडले, कारण मूळ साठ्यात अणुभट्टीतून परत आलेले युरेनियम मिसळलेले होते. ते अंश इतके अल्प होते की एकूण मात्रेत भर पडत नव्हती. तरीही ही माहिती उत्पादकांनी आधीच द्यायला हवी होती.

इराकमध्ये याहून कितीतरी पट अधिक गोळे पडले आणि नकाशे मात्र वर्षानुवर्षे मिळाले नाहीत. बसरा आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखवले की १९९३ ते २००७ या काळात बसऱ्यात लहान मुलांमधील ल्युकेमियाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. कारण सांगता येत नाही, हे त्यांनी स्वतःच नमूद केले. जळणाऱ्या तेलविहिरींचा धूर, बेंझिन, कीटकनाशके, निर्बंधांच्या काळातील कुपोषण, विस्थापन, निदानातील सुधारणा, यांतले काहीही असू शकते आणि डिप्लीटेड युरेनियमही त्यात असू शकते. फलुजातील जन्मदोषांच्या बातम्यांबाबतही असेच आहे. तेथील २०१० च्या बहुचर्चित सर्वेक्षणात घरोघरी प्रश्न विचारून माहिती गोळा केली होती आणि कोणाच्या शरीरात काय गेले हे त्यात मोजलेलेच नव्हते. इराकचे आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २०१३ च्या पाहणीत १०,८०० कुटुंबे होती. तिच्यात जन्मदोषांचे प्रमाण असाधारण असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही, पण तीही रुग्णालयांच्या नोंदींऐवजी आयांच्या आठवणींवर अवलंबून असल्याची टीका झाली. आजारी मुलाच्या आईला कारण हवे असते आणि तो तिचा हक्क आहे. तिला घाईने युरेनियमचे नाव सांगणारे आणि घाईने ‘काही नाही’ म्हणणारे, दोघेही तिच्या मुलाची तपासणी न करताच बोलत आले आहेत.

आपल्याकडेही हे नाव अधूनमधून कानावर येते. डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सुमारे नऊ किलो डिप्लीटेड युरेनियम जप्त केले, तेव्हा त्याची किंमत कोट्यवधी रुपये असल्याच्या बातम्या झळकल्या. हा धातू जड असल्यामुळे औद्योगिक रेडिओग्राफीच्या उपकरणांत किरणोत्सारी स्रोताभोवती कवच म्हणून वापरला जातो. त्यापासून बॉम्ब बनत नाही, आणि भंगाराच्या दुकानात तो कापला किंवा घासला गेला तर त्या कामगाराच्या फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला धोका असतो. बातमीत हे सांगायला हवे होते. पंजाबच्या माळवा भागात भूजलात युरेनियम आढळले, तेव्हा ते अफगाणिस्तानातील युद्धातून वाऱ्याबरोबर आल्याची वदंता उठली होती. भूजलातील युरेनियम प्रामुख्याने तेथल्याच खडकांतून आणि गाळातून विरघळून येते, आणि भूजलाचा बेसुमार उपसा व नायट्रेट यांमुळे ते अधिक विरघळते. विहिरीचे पाणी ३० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ते कोठून आले याची चर्चा करत बसण्यापेक्षा पाणी बदलणे किंवा गाळणे आधी करावे, कारण मूत्रपिंडाला दोन्ही युरेनियम सारखेच.

बेल्जियमने २००७ मध्ये आणि कोस्टारिकाने २०११ मध्ये या शस्त्रांवर कायद्याने बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २००७ पासून दर एक-दोन वर्षांनी याविषयी ठराव येतो आणि मोठ्या बहुमताने मंजूर होतो. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल सातत्याने विरोधात मत देतात. ठरावात बंदीची मागणी नाही. ज्यांनी ही शस्त्रे वापरली त्यांनी बाधित देशाने मागितल्यावर वापराच्या जागा आणि प्रमाण शक्य तितक्या तपशिलाने कळवावे, ही त्यातली प्रमुख मागणी आहे. कोसोव्होत ही माहिती दीड वर्षात मिळाली, बोस्नियात सहा-सात वर्षांनी. युक्रेनमध्ये गोळा कोणत्या गावाच्या शिवारात आणि कशावर पडला हे त्याच दिवशी नोंदवले गेले, फुटलेली वाहने मुलांच्या आणि भंगारवाल्यांच्या हाती लागण्याआधी हलवली गेली आणि ती हलवणाऱ्या कामगारांच्या मूत्राचे नमुने सुरुवातीलाच घेऊन ठेवले, तर बसऱ्याच्या आयांना जे उत्तर कधी मिळाले नाही ते तेथल्या लोकांना मिळू शकेल. त्यासाठी लागणारे यंत्र आणि पद्धत दोन्ही वीस वर्षांपासून उपलब्ध आहेत.